डिस्क आणि सिस्टिमच्या मध्ये कुणी नको: जुन्या मशीनवरच्या स्टोरेज सर्व्हरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टेरी टॉवेलचा कारखाना. जॅकार्डची डिझाइनं, पार्ट्यांची पत्रं आणि टॅलीचा डेटा तीन कॉम्प्युटरवर विखुरलेला. भाच्याने तो सगळा एका जागी आणायचं ठरवलं. हाताशी कोअर आय३-२१२० प्रोसेसरचं, एच६१ बोर्डाचं, ८ जीबी रॅमचं मशीन होतं. त्यात एका भंगार सर्व्हरमधलं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) आणि ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क बसवल्या. ट्रूनॅस कोअर या स्टोरेज सांभाळणाऱ्या सिस्टिमला लॅन कार्डच दिसेना, म्हणून प्रॉक्समॉक्स (एका मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे सॉफ्टवेअरमधली मशीनं, चालवणारी सिस्टिम) टाकलं आणि त्याच्या आत व्हर्च्युअल मशीन करून ट्रूनॅस चढवलं. डिस्क थेट आत देता आल्या नाहीत, म्हणून कार्डात प्रत्येक डिस्कचा एकेरी रेड-झिरो (एकाच डिस्कचा गट) करून दिला आणि आत दोन्हींचा मिरर, म्हणजे एकमेकींची हुबेहूब प्रत, केला. तीन आठवडे चाललं. मग दुपारी वीज गेली, आणि आल्यावर पूल (डिस्क जोडून केलेली साठवणीची जागा) गायब. दोन वर्षांची डिझाइनं त्यात हलवून मूळ कॉम्प्युटरवरून पुसली होती. विचारलंय की हे मशीन जुळतच नाही का, की काही सेटिंग राहिलंय?

मशीनचं नंतर बघू. आधी डिझाइनं.

कार्ड सुरू होताना पडद्यावर फॉरेन कॉन्फिगरेशन, म्हणजे कार्डाला परकी वाटणारी डिस्कची मांडणी, सापडल्याचा संदेश येत असेल, तर तिथे क्लिअर कधीही निवडू नका. इम्पोर्ट निवडायचं. आणि ट्रूनॅसमध्ये डिस्क रिकाम्या दिसल्या तरी नवा पूल बनवायचं बटण दाबू नका. गेलेला डेटा बऱ्याचदा विजेने जात नाही, घाबरून दाबलेल्या पुढच्या बटणाने जातो.

तुमचा मिरर आहे, ही जमेची बाजू. दोन्ही डिस्कवर पूर्ण प्रत असते. मशीन बंद करा, एक डिस्क काढा, ती कुठल्या पोर्टवर होती ते तिच्यावर पट्टी चिकटवून लिहा आणि कपाटात ठेवा. प्रयोग फक्त दुसरीवर. प्रॉक्समॉक्स चालू केल्यावर पहिलं काम म्हणजे त्या ट्रूनॅस मशीनचं बूटबरोबर सुरू होण्याचं सेटिंग बंद करणं. एकच पूल आतल्या मशीनने आणि बाहेरच्या प्रॉक्समॉक्सनेही उघडला, तर दोघं एकमेकांवर लिहितात आणि मग खरोखर काही उरत नाही.

पूल ज्या फाइल सिस्टिमचा असतो ते झेडएफएस प्रॉक्समॉक्सला येतंच, त्यामुळे त्याच्याच शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) झेडपूल इम्पोर्ट ही आज्ञा पूलचं नाव न देता द्या. ती काहीही बदलत नाही, काय दिसतंय तेवढं सांगते. पूल दिसला तर रीडओन्ली पर्याय लावून उघडा, जोडायची जागा वेगळी द्या, आणि तो शेवटी दुसऱ्या सिस्टिमने वापरला होता अशी तक्रार आली तर फोर्स लावा. पूल जास्त नव्या आवृत्तीचा आहे म्हणून नकार आला, तर ट्रूनॅसच्या इन्स्टॉलरमध्ये शेलचा पर्याय असतो, तिथून हेच करा. उघडला की सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, बाकी काही नाही. उघडलाच नाही तर कॅपिटल एफचा पर्याय आहे. तो शेवटचे काही व्यवहार सोडून मागच्या शाबूत अवस्थेवर जातो. पण आधी त्याला एनची जोड देऊन बघा. मग तो प्रत्यक्ष काही न करता जमेल की नाही एवढंच सांगतो.

ज्या कॉम्प्युटरवरून फायली पुसल्या तो आजपासून बंद ठेवा. त्यात साधी हार्ड डिस्क असेल तर त्या फायली परत मिळायची बरीच शक्यता आहे, पण त्यावर रोजचं काम चालू राहिलं तर ती दिवसागणिक कमी होते.

हे का घडलं, याचं उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे. तुम्ही लिहिलंय की स्पीड मिळत नव्हता म्हणून कार्डात फोर्स राइट बॅक (डिस्कवर जाण्याआधीच 'लिहिलं' म्हणायची सक्ती) चालू केलं, आणि कार्डाची बॅटरी फुगलेली होती म्हणून काढून टाकली.

झेडएफएस डेटा कसा लिहितं ते समजून घ्या. साधारण दर पाच सेकंदांनी ते साचलेलं लिखाण एका गठ्ठ्याने डिस्कवर टाकतं. ते जुन्या जागेवर लिहीत नाही, नव्या जागेवर लिहितं. सगळा गठ्ठा पोचला अशी डिस्ककडून खात्री झाल्यावरच सगळ्यात वरची नोंद बदलतं: आता खरं ते हे. म्हणून मधेच वीज गेली तरी जुनी नोंद शाबूत असते आणि पूल उघडतो. पण ही सगळी बांधणी एका गोष्टीवर उभी आहे. डिस्कने 'पोचलं' म्हटलं, तर ते पोचलेलं असायला हवं.

कारखान्यातलं उदाहरण घ्या. गेटवर टेम्पो उभा आहे, माल उतरायचाय, आणि मुनीमजींनी किर्दीत 'माल जमा' लिहून टाकलं. रोज टेम्पो उतरतोच, म्हणून कुणाला काही कळत नाही. ज्या दिवशी टेम्पो गेटवरूनच परत जातो, त्या दिवशी किर्द एक सांगते आणि गोदाम दुसरं. तुमच्या कार्डाने हेच केलं. डेटा स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) घेतला आणि झेडएफएसला सांगितलं की डिस्कवर गेला. बॅटरी शाबूत असती तर वीज आल्यावर कार्डाने तो लिहिला असता. बॅटरी नसेल तर असं कार्ड शहाणपणाने स्वतःच राइट थ्रूवर, म्हणजे डिस्कवर गेल्यावरच 'पोचलं' म्हणायच्या पद्धतीवर, जातं. त्या शहाणपणावर आपण फोर्स लावला.

म्हणून रेड कार्डामागे झेडएफएस ठेवू नये. प्रत्येक डिस्कचा एकेरी रेड-झिरो केला की डिस्क मोकळ्या झाल्या असा समज सगळीकडे आहे, तो चूक आहे. कार्ड मधे असतंच. डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) नीट वर पोचत नाही, त्यामुळे डिस्क आजारी पडली तरी ट्रूनॅसला कळत नाही. आणि उद्या कार्ड मेलं तर तसंच कार्ड शोधत फिरावं लागतं. काही कार्डांचं फर्मवेअर बदलून त्यांना नुसतं डिस्क जोडणारं बनवता येतं, त्याला आयटी मोड म्हणतात. एलएसआय ९२११-८आय आणि त्याच चिपवरचं डेलचं एच३१० यासाठी प्रसिद्ध आहेत. डेलच्या एच७०० वर ते होत नाही. एचपीच्या पी४१० ला असा मोड अधिकृतपणे मिळत नाही. त्या दोन्हींवर वेळ घालवू नये.

पण तुमच्या बाबतीत हा वादच नको. तुमच्या बोर्डाचं झाकण उघडून साटाचे पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) मोजा. एच६१ बोर्डांवर सहसा चार असतात. तुमच्या डिस्क दोन आणि बूटची एसएसडी एक. कार्डाची गरजच नव्हती. हे पोर्ट ३ गिगाबिटचे जुने आहेत म्हणून तुम्ही कार्डाकडे वळला असाल, पण गिगाबिट लॅनवरून सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात आणि तो पोर्ट त्याच्या दुपटीहून जास्त देतो.

आता दुसरी खूण. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की वीज जाऊन आली की मशीन एफ१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही आणि तारीख कित्येक वर्षं मागची दाखवतं. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. वीज गेली की बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगवर जातो. तुम्ही चालू केलेलं व्हर्च्युअलायझेशन बंद होऊ शकतं, साटाची पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाऊ शकते, वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंगही जातं. 'काल चालत होतं, आज केव्हीएम उपलब्ध नाही म्हणतंय' हे जे तुम्ही दोनदा लिहिलंय (केव्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग), त्यात प्रॉक्समॉक्सचा दोष दिसत नाही. जुन्या मशीनला हात लावला की मी आधी सेल बदलतो आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावून घरी जातो. सकाळी लाल ओळी दिसल्या तर त्या रॅमवर स्टोरेज उभं करायचंच नाही.

प्रॉक्समॉक्सच्या बाकीच्या अडचणींपैकी पहिली: व्हर्च्युअल मशीन सुरूच होईना आणि एईएस नावाची एक त्रुटी आली. प्रॉक्समॉक्स ८ पासून नव्या मशीनला जो प्रोसेसरचा प्रकार आपोआप दिला जातो, त्यात एईएसच्या (एन्क्रिप्शनच्या) सूचना गृहीत धरलेल्या आहेत. तुमच्या आय३-२१२० मध्ये त्या नाहीत. त्याच पिढीच्या आय५ मध्ये आहेत, आय३ मध्ये दिल्या नव्हत्या. प्रकार बदलून होस्ट केला की मशीन सुरू होतं, ते तुम्ही शोधून काढलंतच.

दुसरी अडचण मात्र सुटणारी नाही, आणि तुम्ही तिच्यावर चार रात्री घालवल्यात याचं मला वाईट वाटतं. व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हीटी-एक्स असलं की व्हर्च्युअल मशीन चालतं. व्हीटी-डी असलं तरच एखादं कार्ड अख्खं उचलून आतल्या मशीनच्या हाती देता येतं, ज्याला पासथ्रू म्हणतात. व्हीटी-डीला प्रोसेसर, चिपसेट आणि बायोस तिघांचाही होकार लागतो. तुमच्या आय३ मध्ये ते नाही. एच६१ ला इंटेलने त्याचा अधिकृत आधार दिलेला नाही. म्हणजे उद्या त्याच बोर्डात आय५-२४०० टाकला, तर एईएस मिळेल पण पासथ्रूचा भरवसा नाही. ग्रबच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत आयओएमएमयू (व्हीटी-डीमागची यंत्रणा) चालू करायची ओळ कितीही वेळा लिहिली तरी जे सिलिकॉनमध्ये नाही ते येणार नाही. नावावरूनही अंदाज बांधू नका. आय५-२५०० ला व्हीटी-डी आहे आणि त्याहून महाग असलेल्या २५००के ला नाही. इंटेलच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून ती एक ओळ वाचायची, मगच पैसे मोजायचे.

पासथ्रू हवंच असेल तर ऑफिसांतून निघालेली क्यू मालिकेच्या चिपसेटची मशीनं बघा. क्यू८७ बोर्डावर आय५-४५७० अशी जोडी. त्यांना आधार असतो. फक्त डबा छोटा असेल तर दोनहून जास्त डिस्क मावत नाहीत आणि पॉवर सप्लायही त्याच कंपनीचा लागतो, हे विकत घेण्याआधी उघडून बघा. आणि पासथ्रू चालू झालं तरी आयओएमएमयूचे गट तपासायचे. साध्या बोर्डांवर कधी कधी डिस्कचं कार्ड आणि लॅन एकाच गटात पडतात. कार्ड आत दिलं की प्रॉक्समॉक्सचं नेटवर्कही त्याच्याबरोबर जातं.

नेटवर्कवरून आठवलं. रेड कार्ड बसवल्यावर प्रॉक्समॉक्सचं पान उघडेना म्हणून तुम्ही तीनदा नव्याने इन्स्टॉल केलंत. त्याची गरज नव्हती. नवं कार्ड आलं की पीसीआयचे क्रमांक सरकतात आणि लॅनचं नाव बदलतं, त्यातला आकडा तीनचा चार होतो. ब्रिज (आतल्या मशीनना नेटवर्क देणारा दुवा) मात्र जुन्याच नावाला धरून बसलेला असतो. मशीनला मॉनिटर लावा, आयपी लिंकने नवं नाव बघा, इटीसीतल्या नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलीत ते बदला आणि रीबूट करा. पाच मिनिटांचं काम आहे. ट्रूनॅस कोअरला लॅन न दिसण्याचं कारण निराळं. कोअर फ्रीबीएसडीवर चालतं आणि तुमच्या अडीच गिगाबिटच्या रिअलटेक ८१२५ कार्डाचा ड्रायव्हर त्यात आपोआप लागत नाही. लिनक्समध्ये तेच कार्ड चालतं. इन्स्टॉलरमध्ये पडदा काळाच राहत असेल तर प्रॉक्समॉक्सचा टर्मिनलवाला पर्याय घ्यायचा आणि पेनड्राइव्ह रूफसने डीडी मोडमध्येच लिहायचा.

मग माझं म्हणणं काय? या मशीनवर व्हर्च्युअलायझेशन करू नका. दोन कोर आणि ८ जीबी रॅममध्ये ते एकच काम नीट करेल, आणि ते काम डिस्क सांभाळण्याचं असू द्या. डेटा बाहेर निघाल्यावर, आणि निघालाय याची फायली उघडून खात्री झाल्यावर, रेड कार्ड काढा. प्रयोगाची डिस्क बोर्डाच्या पोर्टवर लावा, बायोसमध्ये एएचसीआय बघा. कोअर नको, लिनक्सवरचं ट्रूनॅस थेट मशीनवर टाका. त्याची किमान गरज ८ जीबी रॅमची आहे, ती भागते. जुनी डीडीआर३ मिळाली तर १६ करा. बूटसाठी छोटी एसएसडी वेगळी, कारण बूटच्या डिस्कवर ते डेटा ठेवू देत नाही. पूल आधी त्या एका डिस्कवर नव्याने करा, कपाटातली डिस्क नंतर जोडून मिरर पूर्ण करा. आधीच्या मिररच्या डिस्क बोर्डावर लावल्यावर तशाच उघडतीलही, कारण बरीच कार्डं आपली नोंद डिस्कच्या टोकाला ठेवतात, पण त्या आशेवर काही सोडू नका. डिस्कचा मॉडेल नंबर एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) प्रकारचा तर नाही ना, तेही तपासा. त्या डिस्क रोजच्या वापरात बऱ्या वाटतात, पण मिरर पुन्हा भरायची वेळ आली की रांगायला लागतात.

टॅली त्याच्या कॉम्प्युटरवरच राहू द्या. रात्री त्याची प्रत ट्रूनॅसवर जाईल एवढी व्यवस्था पुरे.

कारखान्याबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अशाच एका युनिटमधून फोन आला: रोज दुपारी तीनच्या सुमाराला डिस्क गायब होतात आणि संध्याकाळी आपोआप परत येतात. केबल बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला. तिसऱ्या दिवशी मी दुपारीच जाऊन बसलो. वर पत्रा, बाहेर ४३ अंश. कार्डाच्या काळ्या हीटसिंकला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ही कार्डं सर्व्हरच्या डब्यासाठी असतात, तिथे समोरचे पंखे जोराची हवा मारत असतात. साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्यावरून वारं जातच नाही. त्यातून हीटसिंकच्या फटींत सुताच्या तंतूंची पांढरी गादी बसली होती, बोटाने सोलून काढली तर अख्खी निघाली. ती साफ केली, चाळीस मिलिमीटरचा पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधला आणि मशीन मागांच्या शेडमधून ऑफिसात हलवलं. डिस्क पुन्हा गेल्या नाहीत. तुमचंही मशीन शेडच्या भिंतीला आहे असं लिहिलंय. ते आजच हलवा, आणि दर महिन्याला ब्लोअर मारायचं काम कुणाच्या तरी नावावर लावा.

डिझाइनच्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी आहे आणि त्याला शेअर दिसत नाही, हाही प्रश्न आहे. एक्सपीला फक्त एसएमबीची (विंडोजच्या फायली शेअर करायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती कळते आणि आताच्या सिस्टिम ती बंदच ठेवतात. ट्रूनॅसमध्ये ती चालू करायची खूण आहे, पण लावू नका. ती एका शेअरपुरती लागत नाही, सगळ्या सेवेला लागते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. एक्सपीवरून फायली पेनड्राइव्हने शेजारच्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर आणा, तिथून शेअरवर. विंडोज ७ ला दुसरी आवृत्ती कळते. माग चालवणाऱ्या कंट्रोलरला तुम्ही पेनड्राइव्हनेच डिझाइन देता, म्हणजे माणसांना ही सवय आहे.

यूपीएस घ्याच, आणि यूएसबी केबलवाला घ्या. नुसता घेऊन भागत नाही, ट्रूनॅसमधली यूपीएस सेवा चालू करून बॅटरी संपत आली की मशीन स्वतः बंद होईल असं लावा. मग मामांना सांगून एका रविवारी माग बंद असताना खरोखर प्लग काढा आणि शेजारी उभं राहून बघा. पूल स्वच्छ उघडला का, तारीख बरोबर आहे का, एफ१ मागतंय का.

स्नॅपशॉट (त्या क्षणी फायली जशा होत्या त्याची नोंद) तासाला एक लावा. चुकून पुसलेलं डिझाइन त्यातून मिनिटात परत येतं. आणि मिरर म्हणजे बॅकअप असं समजू नका, एका बाजूला पुसलं की दुसऱ्या बाजूलाही पुसलं जातं. प्रश्नात एका जुन्या २ टीबीच्या डिस्कचा उल्लेख आहे. तिची लाँग स्मार्ट चाचणी करून घ्या. पास झाली तर दर शनिवारी तिच्यावर डिझाइनं आणि टॅलीची प्रत काढा आणि डिस्क घरी न्या, कारखान्यात ठेवू नका.

कपाटातली ती पहिली डिस्क मात्र सगळं नवं महिनाभर नीट चालेपर्यंत पुसू नका. तोवर मिररची दुसरी बाजू रिकामी राहील, ती राहू द्या. इम्पोर्टमध्ये अडलं तर पडद्यावरचा संदेश शब्दशः उतरवून पाठवा, फोटो काढला तरी चालेल. फक्त त्याआधी पुढची आज्ञा देऊ नका.